निरोगींची ओळ

शेवटच्या ओळीतला एक खळगा पिवळा झाला, तेव्हा मी आधी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. हात हलला असणार, वरच्या ओळीतला थेंब खाली उडाला असणार, नाहीतर कालची नळी मी नीट धुतलीच नसणार. निरोगी माणसाचा खळगा पिवळा होत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

ही गोष्ट मिरजेतली, मी पीएचडी करत होते तेव्हाची. एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलसमोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. पूर्वी तिथं हॉस्पिटलच्या चादरी वाळत घालायचे. माझ्या गाइड डॉ. सुधामती साखळकर, म्हणजे सगळ्यांच्या साखळकरबाई, तिथं वीसेक वर्षं एकाच कामाच्या मागं होत्या. अंडाशयाचा कॅन्सर बाईच्या पोटात गुपचूप वाढतो. पोटात पाणी होऊन ती दवाखान्यात येते तेव्हा सर्जनच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. हा आजार सुरू होतानाच रक्तात त्याची काही खूण उमटते का, हे बाई शोधत होत्या, आणि त्यांना तशी एक खूण सापडलीही होती. तिच्यावरचा त्यांचा निबंध बाहेरदेशी छापून आला, त्याचं कौतुक झालं, आणि पुढं काहीच झालं नाही. समोरच्या हॉस्पिटलात जायला अर्धं मिनिट लागायचं, पण बाईंचा शोध काही तो रस्ता ओलांडत नव्हता.

म्हणून आम्ही ही टेस्ट तयार करत होतो. तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची ताटली, तिच्यात ओळीनं बारीक खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एकेका बाईच्या रक्तातली निवळ. वरच्या ओळी आजारी बायकांच्या, शेवटची ओळ निरोगी बायकांची. शेवटचं औषध घातलं की वरच्या ओळी पिवळ्या व्हायच्या आणि शेवटची पाण्यासारखी राहायची. तसं झालं की बाई मान डोलवायच्या आणि त्या दिवशीचा चहा त्यांच्याकडून असायचा.

आता निरोगी रक्त आणायचं कुठून? हॉस्पिटलात निरोगी माणूस येतो कशाला? मग सगळ्या प्रयोगशाळांत करतात तेच आम्हीही करायचो. आपापल्या बाह्या वर करायचो. मी, बाई, ऑफिसातल्या दोघी, झाडलोट करणाऱ्या मावशी, नर्सिंगच्या हॉस्टेलातल्या मुली. रक्त काढलं की नाव जायचं आणि नंबर यायचा, आणि कुठला नंबर कुणाचा हे फक्त बाईंना ठाऊक असायचं. निरोगींच्या ओळीत असण्याचं आम्हाला उगीचच थोडं कौतुक होतं. मावशींनी तर घरी सांगितलं होतं की डॉक्टरबाईंनी मला निरोगी म्हणून निवडलंय, आता मला काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच खळगा पुन्हा पिवळा झाला. मी औषधं बदलली, नवीन ताटली उघडली. माझ्या हातावर भरवसा नको म्हणून बाईंनी स्वतः सगळं केलं. तरी तोच पिवळा. आमच्या धंद्यात अशा वेळी म्हणतात, कंट्रोल बिघडलाय. कंट्रोल म्हणजे निरोगी नमुना. दूध नासावं तसा तो नासतो, मग तो टाकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. तो ज्या माणसाच्या अंगातून आला त्या माणसाचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात यायचाच नाही.

"बाई, हा नंबर टाकून देते," मी म्हटलं. "हॉस्टेलातून दुसरी एखादी मुलगी आणते."

बाई खिडकीशी ताटली उजेडात धरून उभ्या होत्या. खाली हॉस्पिटलच्या दारात कर्नाटकातून आलेली एक जीप पेशंट उतरवत होती, तिकडं बघत असाव्यात असं मला वाटलं.

"टाकू नकोस," त्या म्हणाल्या.

"पण बिघडलाय तो."

"बिघडला नाही. तो नंबर माझा आहे."

पुन्हा एकदा करून बघूया, असं काहीतरी मी पुटपुटले. बाईंनी ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडं वळल्या, आणि मी जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाई खूश होत्या. परीक्षेत सगळं येत असलेल्या मुलीचा असतो तसा चेहरा. फ्रीजचं तापमान सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, की त्यांची आई गोव्यात साखळीला याच आजारानं गेली, पोटात पाणी होऊन, बाई तेव्हा शाळेत होत्या. तीन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून डबा खात होते आणि त्यांना आई होती इतकंही मला माहीत नव्हतं. त्यांनीही माझ्या घरचं कधी विचारलं नव्हतं. माझी आई जतहून घरमालकांच्या फोनवर फोन करायची आणि स्थळांची नावं वाचून दाखवायची, हे मी कुणाला सांगणार होते? मिरजेत मला बाईंशिवाय कुणी नव्हतं, आणि बाईंनाही माझ्याशिवाय कुणी असावं असं दिसत नव्हतं. पण ते आम्ही कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशी मी खोलीवर गेले आणि नुसती बसून राहिले. टेस्ट बरोबर असेल तर बाईंना कॅन्सर आहे. बाई धडधाकट असतील तर टेस्ट खोटी, त्यांची वीस वर्षं खोटी, आणि त्यांच्या मागोमाग माझी तीन. मला बाई हव्या होत्या आणि टेस्टही हवी होती. दोन्ही एकदम मिळण्यासारखं नव्हतं आणि हे बोलायला जगात कुणी नव्हतं.

समोरच्या हॉस्पिटलचे सर्जन डॉ. आरवाडे. माणूस चांगला, हाताला यश असलेला, फक्त प्रयोगशाळा म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांच्या लहान मुलाचं गाणं ऐकताना असतो तसा भाव यायचा. बाई मला बरोबर घेऊन त्यांच्याकडं गेल्या. सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. अंडाशयं स्वच्छ. गर्भाशयात एक साधी गाठ होती, ती बरीच वर्षं होती आणि बाई ती काढून घ्यायचं टाळत होत्या.

"बाई, तुम्हाला काही झालेलं नाही," आरवाडे म्हणाले.

बाई म्हणाल्या, स्कॅनमध्ये दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, म्हणून तर ही टेस्ट. माझ्या वयाला या अवयवांचा काही उपयोग नाही, ते काढा आणि तपासा.

आरवाडे पेन उघडझाप करत म्हणाले, "तुमच्या पिवळ्या रंगावर मी पोट उघडू? उद्या अथणीची एखादी बाई येईल, तिचाही खळगा पिवळा. तिचंही उघडू? आणि आत काही सापडलं नाही तर तिच्या नवऱ्याला काय सांगू, साखळकरबाईंना रंग दिसला म्हणून?"

"त्या बाईचं उघडू नका," बाई म्हणाल्या. "म्हणून तर माझं उघडायला सांगते."

शेवटी ते तयार झाले, पण आपल्या शब्दांत. गाठीसाठी ऑपरेशन करतोय, टेस्टसाठी नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. गाठीबरोबर अंडाशयं आणि गर्भनळ्याही काढायच्या, तेवढंच त्यांनी कबूल केलं.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. बाईंची बहीण मडगावला होती, तिला त्यांनी कळवलंच नव्हतं. मी सही केली. नात्याच्या जागी काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, विद्यार्थिनी लिही. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तसं चालत नाही बघा. रक्ताचं पाहिजे." बाई माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, मग भाची लिही. मी भाची झाले. बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि येणारीजाणारी माणसं मला सांगत होती, काही निघणार नाही, देवावर भरवसा ठेवा. मी मान हलवत होते. देवाकडं काय मागायचं तेच मला ठरवता येत नव्हतं.

रिपोर्ट आला. गाठ साधी. अंडाशयं निरोगी. नळ्या निरोगी. आरवाडे स्वतः वॉर्डात आले, बाईंच्या पायाशी उभं राहून त्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि हात पुढं केला. त्यांना खरोखर आनंद झाला होता, त्यात कुचकेपणा नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं पेढे आणले होते, तिनं एक बाईंच्या हातावर ठेवला. बाई म्हणाल्या, बरं झालं. त्यांनी पेढा खाल्लाही. सगळे गेल्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. निरोगी आहे हे कळल्यावर कुणाला इतकं दुःख झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कामाचं सांगितलं. खेड्यापाड्यांतल्या बायकांचं रक्त आम्ही गोळा करत आणलं होतं, ते थांबवायचं. फ्रीजरमधले नमुने तसेच ठेवायचे, ट्रस्टला त्या स्वतः कळवतील.

"एका नमुन्यावरून बंद करायचं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण सिस्टरनं वळून पाहिलं.

"बिरनाळे, जी टेस्ट निरोगी बाईचं पोट फाडायला लावते ती बायकांना द्यायची नसते," बाई म्हणाल्या. "माझं फाडलं तेवढं पुरे. तुझ्या प्रबंधाचं मी बघते. वेगळा विषय देते."

त्यांना वॉर्डात सोडून मी प्रयोगशाळेत आले. दिवसभर तिथं कुणी नव्हतं. फ्रीजरचा आवाज तेवढा चालू होता. बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पांढरा कोट होता, खिशात पेनाचा डाग पडलेला. मला रडू आलं आणि मी रडले. बघायला कुणी नव्हतं ते बरंच झालं.

पुढचे काही दिवस करायला कामच नव्हतं, म्हणून मी हॉस्पिटलच्या वाचनालयात जाऊन बसायचे. परदेशी मासिकं तिथं उशिरा यायची आणि बहुतेक वेळा पाकिटातच राहायची. मी ती फोडून वाचत बसले. त्यांतल्या एका लेखात एक अडाण्यासारखा प्रश्न विचारला होता. ज्या घरांत हा आजार आईकडून मुलीकडं येतो, तिथं तो खरंच अंडाशयात सुरू होतो का? लेख लिहिणाऱ्यांनी अशा काही बायकांच्या गर्भनळ्या पूर्ण, पातळ पातळ कापून पाहिल्या होत्या. नळीचं टोक अंडाशयावर झालरीसारखं टेकलेलं असतं. काहींच्या त्या झालरीत त्यांना आजाराचा बारीक ठिपका सापडला होता. अंडाशयं मात्र स्वच्छ होती.

मी तो लेख पुन्हा वाचला. मग मासिक छातीशी धरून पॅथॉलॉजीत गेले.

पॅथॉलॉजीचे डॉ. इलियास मुजावर मिरजेचेच. काम करताना गुणगुणायचे आणि कुणी आलं की थांबायचे. मी त्यांना विचारलं, बाईंच्या नळ्या तुम्ही कशा पाहिल्या? ते म्हणाले, सगळे बघतात तशा. प्रत्येक नळीच्या मधला एक काप. आजार अंडाशयाचा, तर अंडाशयाचे कापच जास्त घ्यायचे, नळीत काय असतं बघायला?

"आणि झालर?"

"ती बरणीत. फॉर्मलिनमध्ये. महिना झाला की बरण्या रिकाम्या करतो आम्ही."

मी लेख पुढं केला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला.

"बाईंना विचारलंस?"

"नाही."

"त्यांना रिपोर्ट दिलाय गं मी. निरोगी म्हणून. त्या घरी गेल्यात, जखम भरतीय." त्यांनी चष्मा काढला. "तुला काय सापडावं असं वाटतंय, ते तरी सांग."

ज्या बाईनं मला हातात पिपेट धरायला शिकवलं तिच्या अंगात कॅन्सर सापडावा, असं मी तोंडानं कसं म्हणणार होते? आणि न सापडावा असं म्हटलं असतं, तर मग मी तिथं आले होते कशाला? मुजावर उठले आणि मांडणीवरच्या बरण्यांची लेबलं वाचू लागले.

"कापतो मी," ते पाठमोरे म्हणाले. "पण काही सापडू नये अशी माझी इच्छा आहे, हे सांगून ठेवतो."

ते काप व्हायला वेळ लागतो. मेणात बसवायचे, केसापेक्षा पातळ चिरायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि हे सगळं रोजची कामं सांभाळून. मी रोज जायचे, ते रोज मान हलवायचे. मला त्या मान हलवण्यानं सुटल्यासारखं व्हायचं आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा जीव खालीवर व्हायला लागायचा. मग एका सकाळी त्यांनी मान हलवली नाही. ते उठले आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची त्यांनी मला दिली.

झालरीच्या एका घडीत, शहाण्यासारख्या ओळीनं उभ्या असलेल्या पेशींच्या मधे, एक गर्दी होती. काळपट, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या पेशी. डोळ्यांनी नुसतं पाहिलं असतं तर खसखशीच्या दाण्याएवढीही ती भरली नसती. मुजावर म्हणाले, इतका लहान कॅन्सर मी जन्मात पाहिला नाही. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि त्या कौतुकाची त्यांना लाजही वाटत होती. टेस्ट बरोबर होती. बाईंच्या रक्तानं खसखशीएवढी गोष्ट ओळखली होती. मला नाचावंसं वाटलं, आणि मी काचेवरचं बाईंचं नाव पुन्हा वाचलं.

बाईंना सांगायला मीच जाणार, असं मी मुजावरांना सांगितलं. गेले तर बाईंनी दार उघडलं आणि मी दारातच थबकले. त्यांनी केसांना तेल लावून सैल वेणी घातली होती. अंगावर घरातली फुलाफुलांची साडी होती. आत रेडिओ लागला होता आणि मासे तळल्याचा वास येत होता. मी त्यांच्या घरी त्याआधी कधी गेले नव्हते. बरोबर वेळेला आलीस, त्या म्हणाल्या, सुरमई मिळालीय चांगली, तू खातेस ना? आमच्या घरात मासे शिजत नाहीत. मी हो म्हटलं.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून त्या बोलत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बहिणीला कळवलं होतं, ती पुढच्या आठवड्यात येणार होती, मग दोघी मिळून साखळीला जाणार होत्या, जुनं घर बघायला. खालच्या मजल्यावरच्या मुलीला त्या गणित शिकवत होत्या. दुपारी झोपत होत्या.

"तुला खरं सांगू का?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हरले म्हणून पहिले दोन दिवस वाईट वाटलं. मग एका सकाळी उठले आणि बघते तर मी बरी होते. आईच्या वयाच्या तर कधीच पुढं आले होते, आणि आता ते अवयवच नाहीत, तो आजार मला होणार नाही. शाळेत असल्यापासून मी त्याची वाट बघत होते, बिरनाळे. ती वाट बघणं संपलं. इतकं हलकं वाटतंय."

मी ताटावर बसले. त्या वाढायला वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या. त्यांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणलं.

"फॉर्मलिन," त्या म्हणाल्या. "मुजावरांकडं काय करत होतीस?"

मी सांगितलं. फारसं सांगावं लागलं नाही.

"कुठं?"

"उजव्या नळीत. झालरीपाशी."

"अंडाशयात नाही?"

"नाही. स्वच्छ आहे."

"म्हणजे वीस वर्षं मी शेजारच्या घराचं दार वाजवत होते." त्यांनी माझ्या ताटात तुकडी वाढली, आपल्या ताटातही वाढली, आणि रेडिओ बंद केला. "किती मोठा?"

"खसखशीपेक्षा लहान."

मी म्हटलं, बाई, टेस्ट खरी आहे. माझं वाक्य त्या स्वयंपाकघरात अगदी बावळट वाटलं. त्यांनी मान डोलवली, ताटली बरोबर आली की डोलवायच्या तशीच, पण चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

"चांगलं काम केलंस," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं." मग माझं ताट पुढं सरकवत, "आधी जेव. काटे बघून खा, तुला सवय नाही."

बहिणीला त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं. कारण काय दिलं ते मला कळलं नाही. आजार इतका लहान होता की तो ऑपरेशनमध्येच निघून गेला असावा, असं आरवाडे म्हणाले, तरी खबरदारी म्हणून केमो द्यायचं ठरलं. मिरजेत नको, म्हणून बाई कोल्हापूरला जायच्या. मी बरोबर येते म्हटलं की म्हणायच्या, तू आलीस तर ताटल्या कोण लावणार? सकाळच्या एसटीनं एकट्या जायच्या आणि एकट्या यायच्या. केस गेले तेव्हा डोक्यावरून पदर घेऊ लागल्या, आणि हॉस्पिटलातल्या लोकांनी धरून चाललं की म्हातारपणी बाई देवभोळ्या झाल्या. तो नमुना कुणाचा हे मुजावर, आरवाडे आणि मी यांच्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, लोक मला बघायला लागतील, टेस्टकडं कोण बघणार?

पण त्या खसखशीनं रस्ता ओलांडला. आरवाडे पहिल्यांदाच आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी ताटली हातात घेऊन पाहिली. फ्रीजरमधले नमुने पुन्हा बाहेर निघाले. मुजावरांनी प्रत्येक झालर पूर्ण कापायची पद्धत पाडली. ज्या बायकांच्या घरात हा आजार होता आणि रक्तही पिवळं आलं, त्यांना आरवाडे समोर बसवून सगळं समजावून सांगू लागले, आणि ज्या हो म्हणाल्या त्यांच्यातल्या काहींच्या झालरीत तसाच ठिपका सापडला. त्यांतली एक खरोखरच अथणीची होती. ती बरी होऊन घरी गेली तेव्हा आरवाड्यांनी बाईंना फोन केला होता, असं मला मागाहून समजलं.

दोन वर्षांनी हॉस्पिटलच्या सभागृहात बाईंनी हे सगळं मांडलं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, सगळीकडून डॉक्टर आले होते. स्लाइड मी दाखवत होते. पहिली स्लाइड आली ती त्या ठिपक्याची, भिंतभर मोठी केलेली. बाईंनी काठी तिच्यावर टेकवली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, की पहिली केस अठ्ठावन्न वर्षांची स्त्री, कुठलीही तक्रार नाही, आईला हाच आजार, स्कॅन स्वच्छ, टेस्ट तेवढी पिवळी. सभागृहात कुजबुज झाली. त्या पुढं बोलत राहिल्या. केस परत आले होते, पण आखूड होते, म्हणून पदर अजून डोक्यावर होता.

शेवटी प्रश्न झाले. बहुतेक प्रश्न टेस्टच्या खर्चाचे आणि चुकांचे होते, आणि बाईंनी एकेकाला नीट उत्तर दिलं. मग मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उभा राहिला. ती पहिली पेशंट, तो म्हणाला, सध्या कशी आहे?

मुजावर पुढच्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली. मी प्रोजेक्टरच्या बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिले.

"बरी आहे," बाई म्हणाल्या. काठी त्यांनी टेबलावर ठेवली, नीट सरळ केली. आता पुढचा प्रश्न घेतील असं वाटलं.

"एकटी राहते," त्या म्हणाल्या.

तरुण डॉक्टरनं मान डोलवली आणि खाली बसून ते लिहून घेतलं.